साठ किलोचं खोटं

माझं अक्षर वाईट आहे, हे आधीच सांगून ठेवते. चौथीनंतर शाळा सुटली. त्यानंतर लिहिलं ते किराण्याच्या यादीपुरतं आणि बुटांच्या नंबरांपुरतं. वेलांटी कुठे पहिली आणि कुठे दुसरी हे मला आजही कळत नाही, हाताला येईल ती देते. कोणी वाचलंच तर त्यांनी तेवढं सांभाळून घ्यावं.

इथल्या करामा भागातल्या आमच्या मराठी मंडळाच्या कुलकर्णीबाई म्हणाल्या, "मालनताई, दिवाळी अंकाला तुमच्या कामाबद्दल लिहा. शुद्धलेखन आम्ही बघू." मी हो म्हटलं आणि घरी येऊन दोनशे पानी वही काढली. त्यांना देईन की नाही ते माहीत नाही. चार माणसांत बोलायचं म्हटलं की मला शब्द सापडत नाहीत. वहीपुढे तसं होत नाही.

मी दुबईतल्या एका मॉलमध्ये बर्फावर काम करते. बर्फावर म्हणजे बर्फाच्या अलीकडे. आत मोठ्या छपराखाली खऱ्या बर्फाचा उतार केलेला आहे आणि वर जायला पाळणे आहेत. आत उणे दोन, बाहेर पंचेचाळीस, आणि मधे काचेचं दार. त्या दाराच्या अलीकडे माझा काउंटर. स्कीचे आणि स्नोबोर्डचे भाड्याचे बूट मी देते, परत घेते, सुकवते. स्की म्हणजे दोन पायांना दोन लांब पट्ट्या. स्नोबोर्ड म्हणजे दोन्ही पायांना मिळून एकच रुंद फळी. गावाकडे मला विचारतात, तू तिकडे नक्की काय करतेस? मी सांगते, लोकांच्या पायाशी बसते. त्यांना वाईट वाटतं. मला मात्र या कामाचं हेच आवडतं. गिऱ्हाईक बाकावर बसलेलं, मी खाली, नजर पावलावर. कोणाच्या तोंडाकडे बघायला लागत नाही. लाजऱ्या बाईला याहून चांगली नोकरी नाही.

स्कीचा बूट चपलेसारखा नसतो. प्लॅस्टिकचा, जड, नडगीपर्यंत येणारा. त्याचं माप पावलाच्या लांबीवरून सेंटिमीटरमध्ये असतं. आपली माणसं बूट घातला की पहिलं म्हणतात, "ताई, बोटं टेकतायत, एक नंबर मोठा द्या." मी देत नाही. म्हणते, "उभे राहा आणि गुडघे पुढे वाकवा." गुडघा वाकला की टाच मागे बसते आणि बोटं आपोआप सुटतात. त्यांना वाटतं मी जादू केली. सैल बूट घेऊन जो जातो त्याचा पाय आत फिरतो, आणि स्की स्वतःच्या मनाने चालते. वर तीन-तीन मोजे घालून येणारे असतात. त्यांचे दोन मोजे मी काढायला लावते. थंडी मोज्यांनी जात नाही, पाय मात्र आवळून बधिर होतो. या बाबतीत माझ्याशी कोणी वाद घालू नये. बारा वर्षांत बारा देशांच्या टाचा पाहिल्या आहेत.

एक म्हातारे अरबी गृहस्थ दर बुधवारी यायचे. अंगात पांढरा पायघोळ कंदुरा, त्यावर आमचं भाड्याचं जॅकेट. सत्तावीस नंबरचे बूट घ्यायचे आणि आत जाऊन बाकावर तासभर बसायचे. स्की कधीच घेतली नाही. बूट परत यायचे ते कोरडे. एकदा न राहवून मी विचारलं, "बाबा, खेलना नहीं?" ते म्हणाले, "पाँव ठंडा, दिमाग ठंडा." पुढच्या बुधवारपासून मी त्यांचे बूट आधीच काढून ठेवायला लागले.

पण आमच्या कामात खरा घोळ असतो तो वजनाचा. बूट ज्या पकडीत अडकतो तिला बायंडिंग म्हणतात. माणूस पडला की ती पकड सुटायला हवी, नाहीतर स्की पायाला पीळ घालते आणि गुडघा जातो. पण उगाच सुटली तरी पंचाईत, चालत्या सायकलचं चाक निघाल्यासारखी. किती जोराने सुटायचं ते एक स्क्रू फिरवून ठरवतात. त्यासाठी वजन, उंची, वय आणि किती येतं, एवढं विचारावं लागतं. पुरुष वजन खरं सांगतात आणि किती येतं ते खोटं. कागदावर तीन खाने असतात, नवशिके, मध्यम आणि पक्के. प्रत्येक पुरुष तिसऱ्यावर खूण करतो. "कुठे शिकलात?" "मनालीला, हनिमूनला." बायका नेमकं उलटं करतात.

शारजाहून एक पुण्याचं कुटुंब आलं होतं. सासू, सून आणि नणंद. मी हळूच विचारलं, "वजन?" सून म्हणाली, "पंचावन्न."

नणंद म्हणाली, "वहिनी, पंचावन्न लग्नात होतं."

सासूबाई म्हणाल्या, "असू दे गं, तिच्या घरचा काटा तसाच दाखवतो."

सुनेने मान वर केली नाही. मी पंचावन्न लिहिलं. आत गेल्यावर तिची स्की तीनदा सुटली. तिला वाटलं, आपल्याला जमतच नाही. ती काचेपाशी येऊन रडकुंडीला आली. मी बूट बघायच्या निमित्ताने तिला बाजूला घेतलं आणि म्हटलं, "आता इथे कोणी नाही." तिने कानात सांगितलं, "एकाहत्तर." पकड नीट करून दिली, तर बाई दोन तास बाहेर आली नाही. नणंद मात्र बाकावर हात चोळत बसली होती.

त्यानंतर मी एक युक्ती केली. मागच्या खोलीत सामानाचा सपाट काटा पडून होता. तो आणून काउंटरसमोर ठेवला, वर रबराची चटई टाकली आणि आकडा दिसायची डबी तारेने माझ्या बाजूला घेतली. प्रत्येकाला म्हणायचं, "बूट घालून इथे उभे राहा, टाच बघते." टाच तर बघतेच, पण आकडाही बघते, आणि बुटांचं वजन त्यातून वजा करते. कोणाला विचारायचं नाही, कोणी खोटं बोलायचं नाही. आमचे मॅनेजर हानी सर इजिप्तचे आहेत. त्यांनी आठवडाभर बघितलं आणि एक दिवस विचारलं, "मालन, ये तार क्या है?" मी सांगितलं. ते बराच वेळ हसले आणि म्हणाले, "यल्ला, रहने दो." तेव्हापासून स्की उगाच सुटल्याच्या तक्रारी जवळपास बंद झाल्या. ही युक्ती माझी आहे, हे मी मंडळातही कोणाला सांगितलेलं नाही. इथे लिहून ठेवते.

छपराखालच्या बर्फाला सीझन नसतो असं लोकांना वाटतं. असतो. मार्च लागला की जॉर्जियाला शेवटच्या बर्फावर जाणारे लोक सरावाला येतात. एप्रिलमध्ये तेच लोक परत येतात, चष्म्यापुरतं तोंड गोरं आणि बाकीचं करपलेलं, आणि आमच्या उताराकडे बघून नाक मुरडतात. आमचा स्वतःचा सीझन एप्रिलच्या अखेरीला संपतो. तेव्हा आठवडाभर सगळं बंद ठेवून जुना बर्फ खरवडून काढतात आणि नवा पाडतात. त्याच्या आदल्या दिवशी सकाळी दोन तास उतार आम्हा कामगारांचा. वर्षभर दुसऱ्यांना आत सोडणारे आम्ही त्या दिवशी आत जातो. बर्फ तोवर जुना झालेला असतो, मळका आणि काचेसारखा कडक. त्यात केसांच्या पिना आणि एकेकटी कानातली सापडतात. पण त्या बर्फावर स्कीचा जो आवाज येतो, तो ताज्या बर्फावर येत नाही. कोऱ्या कापडात कात्री चालावी तसा.

पहिल्या वर्षी मी नुसती बघायला गेले होते. ज्याने मला ओढून स्कीवर उभं केलं तो शाजी. शाजी केरळचा, चाळिशीचा, आमच्या वर्कशॉपमध्ये पकडी लावायचं काम त्याचं. मला चेची म्हणतो, म्हणजे ताई. आमचं बोलणं हिंदीतून, दोघांचीही मोडकी, त्यामुळे कोणी कोणाला हसत नाही. कामाच्या फावल्या वेळात तो स्नोबोर्ड शिकला आणि असा शिकला की शिकवणारे थांबून बघायचे. कंपनीने त्याचं नाव शिकवणाऱ्यांच्या जागेसाठी घेतलं होतं. त्या जागेची एकच अट होती, वर्षभरात कागदावर एकही ठपका नको.

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. दुबई सोडून चाललेल्या एका गिऱ्हाइकाकडून शाजीने बोर्ड विकत घेतला होता. अठराशे दिरहॅमला, म्हणजे आपले एक्केचाळीस हजार. आयुष्यात पहिल्यांदा तो सुट्टीला घरी न जाता जॉर्जियाला निघाला होता, चार दिवस, उघड्या आकाशाखालच्या बर्फावर. विमान दुसऱ्या दिवशी सकाळचं. आमच्या त्या दोन तासांसाठी त्याने तो बोर्ड पहिल्यांदाच आणला होता.

आम्ही सगळे रांगेत उभे होतो. शाजी बाकावर स्क्रू ड्रायव्हर घेऊन बसलेला. काउंटर बंद, माझा काटा चटईसकट उचलून ठेवलेला. माझ्या मागे हानी सर, त्यांच्या मागे आमचा मालवणी ड्रायव्हर सावंत आणि फिलिपिनो मुली.

"चेची, वेट?"

माझं वजन चौऱ्याहत्तर. ते मला पक्कं माहीत होतं, काटा माझाच होता. मागे हानी सरांचा श्वास ऐकू येत होता. मी म्हटलं, "साठ."

शाजीने वर बघितलं. "सिक्स्टी?"

"हां. लिख ना."

त्याने लिहिलं आणि स्क्रू फिरवला. एवढंच झालं. ज्या बाईने लोकांनी खोटं बोलू नये म्हणून तार ओढून घेतली, तिने ते तीन सेकंदांत बोलून टाकलं.

पहिली फेरी फार छान झाली. मी अर्ध्या उतारावरून येते, पाय मागे रुंद करून, हळू. सावंत पाळण्यातून ओरडला, "वहिनी, साइड द्या म्हणून हॉर्न वाजवू काय?" मी त्याच्याकडे बघितलंही नाही. गार वारा तोंडावर घेत खाली येताना मी लाजरी नसते. कोण बघतंय हे आठवतच नाही. म्हणून दुसऱ्या फेरीला जरा जास्त वरून सुटले. खालच्या वळणावर डाव्या पायावर जोर दिला आणि पकड सुटली. एक स्की मागे राहिली, आणि मी बसल्या बसल्या त्या काचेसारख्या बर्फावरून सरळ खाली आले. खाली जाळीला टेकून शाजीचा बोर्ड ठेवलेला होता. मी त्याच्यावर आदळले. बोर्ड मधोमध तडकला. माणसाला वजन चोरता येतं, फळीकडून मात्र ते चोरता येत नाही.

शाजी धावत आला. बोर्डाकडे न बघता त्याने माझा गुडघा दाबून बघितला आणि विचारलं, "चेची, पैर ठीक?" मी मान हलवली. मग त्याने बोर्ड उचलला, हाताने तडा चाचपला आणि जाळीपलीकडे ठेवून दिला.

आमच्याकडे कोणी असं पडलं की पकड तपासून कागद भरावा लागतो. हानी सरांनी ती मशीनवर लावली. साठ किलोला बरोबर होती. मग त्यांनी माझ्याकडे बघितलं, कागदाकडे बघितलं आणि शाजीला विचारलं, "साठ तुला कोणी सांगितलं?"

शाजी म्हणाला, "सर, मी विचारलं नाही. अंदाजाने लिहिलं."

न विचारता लिहिणं ही आमच्याकडे सगळ्यात मोठी चूक. हानी सरांनी ठपक्याचा कागद काढला. मी तिथेच उभी होते, चार हातांवर. माझं तोंड उघडलं नाही. शाजीने सही केली आणि निघाला. एवढ्या वर्षांच्या नोकरीत मला लाज वाटावी अशी गोष्ट हीच. पडले ती नव्हे.

आमचे हे रास अल खैमाला टाइल्सच्या कारखान्यात असतात, सुट्टीला येतात. संध्याकाळी मी फोन केला आणि सगळं सांगितलं. ते म्हणाले, "मग खरं किती?"

"चौऱ्याहत्तर."

"मला कधी सांगितलं नाहीस."

"तुम्ही कधी विचारलंत?"

ते म्हणाले, "मला सांगितलंस ना आता? तसंच उद्या तिकडे सांग. आकडा तोच आहे."

दुसऱ्या दिवशी उतार बंद होता, तरी सकाळी कामं वाटून घ्यायची रोजची उभ्याउभ्याची बैठक झाली. वीस-बावीस माणसं. शाजी विमानात होता. हानी सर म्हणाले, "आणखी काही?" मी हात वर केला. दहा वर्षांत पहिल्यांदा. सगळे वळून बघायला लागले. मी रात्रभर घोकलेलं हिंदी विसरले आणि मराठीतच सुरुवात केली. सावंत पुढे येऊन म्हणाला, "सांगा वहिनी, मी त्यांना सांगतो."

मी म्हटलं, "माझं वजन चौऱ्याहत्तर किलो आहे. शाजीने विचारलं होतं. दोनदा विचारलं. मी साठ सांगितलं."

सावंतने ते हिंदीत सांगितलं, आणि चौऱ्याहत्तर हा आकडा जरा जास्तच मोठ्याने सांगितला. कोणी हसलं नाही. हानी सर म्हणाले, "पण का?"

"सर, मागे तुम्ही उभे होता."

तेवढ्यात मागून रोझलिन नावाची आमची तिकिटांवरची मुलगी म्हणाली, "सर, मीही पन्नास सांगितलं. मी साठ आहे." मग आणखी एकीने सांगितलं. मग सावंत म्हणाला, "मी पक्क्यावर खूण केली होती, सर. मला धड उभंही राहता येत नाही." तेव्हा कुठे हशा पिकला. हानी सरांनी डोक्याला हात लावला आणि म्हणाले, "खलास. पुढच्या वर्षी कामगारही मालनच्या काट्यावर." ठपक्याचा कागद त्यांनी माझ्यासमोर फाडला आणि दुसरा माझ्या नावाने लिहिला. मी त्यावर मराठीत सही केली. ती सही मला अजून आवडते, जरा मोठी आली आहे.

मला टाइप करायला वेळ लागतो, म्हणून मी शाजीला आवाज पाठवला. सगळं सांगितलं, आणि अठराशे दिरहॅम मी देणार हेही. दुसऱ्या दिवशी दुपारी त्याचा व्हिडिओ आला. भाड्याचा बोर्ड घेऊन तो एका मोठ्या डोंगरावर उभा होता. चहूकडे ऊन आणि बर्फ. खालच्या अंगाला बर्फ विरघळून गवत दिसत होतं, आणि मधून पाण्याचा ओहोळ चालला होता. माणसं जॅकेट कमरेला बांधून येत-जात होती. शाजी म्हणत होता, "चेची, इधर बरफ नरम है, दोपहर को हलवा जैसा. गिरो तो भी लगता नहीं." मग त्याने फोन कोणाच्या तरी हातात दिला आणि खाली सुटला. गवतापर्यंत गेला, वळला, आणि शेवटच्या पांढऱ्या पट्ट्यावर थांबून दोन्ही हात वर केले. पैशांबद्दल एक शब्द नाही. मी तो व्हिडिओ सुकायला लावलेल्या बुटांच्या खोलीत उभी राहून पाच-सहा वेळा पाहिला.

परत आल्यावर तो पैसे घेईना. म्हणाला, "चेची, बोर्ड पुराना था. पाँच सौ दे दो, बस." मी म्हटलं, "तू किती दिले होतेस?" "अठरा सौ." "मग अठराशे." तो म्हणाला, "मेरी मम्मी को पता चलेगा दीदी से पैसा लिया, तो घर में घुसने नहीं देगी." मी म्हटलं, तुझ्या आईला मी सांगत नाही, आणि पहिले दोनशे त्याच्या कामाच्या टेबलावर ठेवले. त्याने ते माझ्या काउंटरच्या ड्रॉवरमध्ये परत आणून ठेवले. मी पुन्हा नेऊन ठेवले. दोन दिवस त्या दोनशेंची ये-जा चालली. शेवटी मी त्याला कोपऱ्यात घेऊन सांगितलं, "शाजी, सगळ्यांसमोर वजन सांगितलं ते सोपं नव्हतं. आता हे सोपं काम तरी मला पूर्ण करू दे." तेव्हा त्याने घेतले.

दर महिन्याला दोनशे. आमचे हे म्हणाले, "महिन्याला साडेचार हजार रुपये होतात, मालन." मी म्हटलं, होतात. त्या महिन्यांत मी गावाकडे पाठवायचं कमी केलं नाही. संध्याकाळची बस सोडून घरी चालत आले, आणि मंडळाच्या सहलीला गेले नाही. चालण्याचा एक फायदा झाला, काट्यावर आता एकाहत्तर दिसतं. हे मी कोणी न विचारता सांगते आहे.

ऑक्टोबरमध्ये शाजीला शिकवायची जागा मिळाली. लाल जॅकेट घालून तो पहिल्यांदा काउंटरवर आला तेव्हा मी उठून उभी राहिले. तो म्हणाला, "बैठो चेची, बूट दो." त्याच्यामागे सहा लहान मुलं एका ओळीत, इंग्रजीत कलकलाट करत.

जानेवारीत नववा हप्ता होता. त्या दिवशी पगार झाला होता आणि काउंटरवर गर्दी होती. शाजी एका शिकवणीवरून दुसरीवर चालला होता. मी त्याला थांबवलं आणि शंभराच्या दोन नोटा दिल्या. तो न बघता खिशात घालायला लागला.

मी म्हटलं, "मोज."

"चेची, दो ही तो नोट हैं."

"मोज."

त्याने हातमोजा काढला आणि माझ्यासमोर मोजल्या. एक, दोन. मग लाल जॅकेटच्या आतल्या खिशात ठेवून चेन लावली आणि म्हणाला, "पूरा हो गया."

"किती झाले?"

"अठरा सौ."

मी मान हलवली. तो काचेच्या दारातून आत गेला, आणि मी पुढच्या गिऱ्हाइकाच्या पायाशी बसले.